कानात की कानावर?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ थांबलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ऐकू येतो, "बास कसा आहे?" दुसरा प्रश्न किमतीचा. आपण हे ऐकणार कुठे, केएमटीच्या बसमध्ये, वर्कशॉपात, अभ्यासिकेत की रात्री अंथरुणावर पडून, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. कानात घालायचे आयईएम घ्यायचे की कानावर बसणारे मोठे हेडफोन, याचं निम्म्याहून जास्त उत्तर त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे. उरलेलं बरंचसं आपल्या कानाच्या मापात आहे. किंमत आणि खोक्यावरचे आकडे त्यानंतर येतात.

आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर. रबराची किंवा फोमची टिप लावून तो कानाच्या नळीत बसतो आणि नळी बंद करतो. पूर्वी फोनसोबत फुकट मिळायचे ते इअरफोन कानाच्या खोबणीत नुसते टेकायचे, ते यात धरायचे नाहीत. ओव्हर-इअर हेडफोनची गादी कानाला चहूबाजूंनी वेढून डोक्यावर टेकते.

गैरसमज : कानात घातलेलं घातक, कानावरचं सुरक्षित

हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. "ते कानात खुपसू नकोस, पडदा फाटेल," असं घरातली वडीलधारी माणसं बजावतात. काळजी खरी आहे, पण धोका त्या जागी नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. आयईएमची टिप तिच्या बाहेरच्या भागातच थांबते, पडद्यापर्यंत पोचत नाही. मोठ्या आवाजाची इजा होते ती पडद्याच्याही पलीकडे, आतल्या कानात. तिथल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. आवाज कानातल्या यंत्रातून आला की कानावरच्या, याने त्यांना काही फरक पडत नाही. किती मोठा आला आणि किती वेळ आला, एवढ्यावरच नुकसान ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक माप दिलं आहे : मोठ्या माणसांना ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास, लहान मुलांना ७५ डेसिबल तेवढाच वेळ. आवाज तीन डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९५ डेसिबलला आठवड्यात जेमतेम सव्वा तास.

आता हे गणित केएमटीच्या गर्दीत मांडून बघा. बसमधला आवाज ७५ डेसिबल धरू. गाणं नीट ऐकू यायला ते त्याच्या वर आठ-दहा डेसिबल न्यावं लागतं. खोबणीत टेकणारा इअरफोन बाहेरचं काहीच अडवत नाही, म्हणजे आपण थेट ८५ वर. कानावरचा साधा बंद हेडफोन शिट्ट्या-बोलणं बऱ्यापैकी अडवतो, पण इंजिनाची घरघर त्यातून सहज आत येते. नीट बसलेला आयईएम मात्र वीसेक डेसिबल अडवू शकतो. आतमध्ये ५५ उरले, तर ६५ ला गाणं स्वच्छ ऐकू येतं. प्रवासात, ज्याला घरात सगळे धोकादायक म्हणतात, तोच कानाला जास्त सांभाळून घेतो. अट एकच : बाहेरचा आवाज अडला म्हणून व्हॉल्यूम खरोखर कमी करायचा. मिरजकर तिकटीच्या ट्रॅफिकमध्ये लावलेला व्हॉल्यूम घरी आल्यावर तसाच ठेवला तर काही उपयोग नाही.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते दुसऱ्या एका बाबतीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली असते. बंद नळीत घाम आणि ओल साठली की कानात बुरशी होते, खाज सुटते, कान दुखतो. आयईएमने मळही आत ढकलला जातो. ज्याचा कान फुटला आहे, कानातून पाणी येतं, पडद्याला भोक आहे, त्याने आयईएम घालूच नये, कानावरचे हेडफोन घ्यावेत. बाकीच्यांनी टिपा काढून साबणाच्या पाण्यात धुवाव्यात, पूर्ण सुकवाव्यात, दर तासाभराने कान मोकळे ठेवावेत. आणि आपले आयईएम दुसऱ्याला देऊ नयेत, सख्ख्या भावालासुद्धा.

गैरसमज : यंत्राच्या आवाजात इअरफोन घातला की कान वाचतात

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फौंड्री, इचलकरंजीतले यंत्रमाग, इथे हा समज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. पाळीभर तो खडखडाट सहन करण्यापेक्षा कानात गाणी बरी, असं कामगाराला वाटणं मी समजू शकतो. पण हिशेब करा. बाहेर ९५, आयईएमने २० अडवले, आत आले ७५. त्यावर गाणं ऐकू येण्यासाठी लावलं ८५ ला. ८५ डेसिबलला आठवड्याची मर्यादा साडेबारा तासांच्या आसपास भरते आणि पाळ्या भरतात ४८ तासांच्या. शिवाय टिप जरा सैल बसली की २० चे १० होतात, आणि ते कळतही नाही.

कामाच्या जागी कानाचं संरक्षण करायला फोमचे इअरप्लग किंवा इअरमफ असतात. ते किती आवाज अडवतात हे तपासून त्यावर आकडा छापलेला असतो. गाणी ऐकायचं यंत्र त्यांच्या जागी चालत नाही. हेच विसर्जन मिरवणुकीलाही लागू. डॉल्बीमुक्त मिरवणुकीसाठी कोल्हापुरात पोलिसांनी आणि मंडळांनी मोहिमा केल्या, तरी डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहायची वेळ येतेच. महाद्वार रोडवर तासन्तास थांबणार असाल तर खिशात इअरप्लगची जोडी ठेवा. ती अगदी स्वस्तात मिळते. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. मोठ्या आवाजाने झालेली हानी सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. रोजच्या बोलण्यात ती जाणवत नाही, म्हणूनच लोक उशिरा पोचतात.

गैरसमज : यंत्र मोठं, तर बास मोठा

हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, ४० ते ५० मिलिमीटरचा, आयईएमचा साधारण १० मिलिमीटरचा. म्हणजे बास हेडफोनमध्येच, असं वाटणं साहजिक आहे. पण आयईएमला हलवायची असते ती बंद नळीतली हवा, फार तर दोन घन सेंटिमीटर. तेवढ्या हवेसाठी १० मिलिमीटरचा पडदा पुरून उरतो आणि ऐकू येणाऱ्या सगळ्यात खालच्या सुरापर्यंत, २० हर्ट्झपर्यंत, जाऊ शकतो. फक्त नळी हवाबंद पाहिजे. बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर निसटतात आणि उरतो तो कोरडा, टोचणारा आवाज. 'बास नाही' म्हणून परत येणाऱ्या कित्येक आयईएममध्ये दोष टिपच्या मापाचा असतो.

तपासायची रीत सोपी आहे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ज्यात स्वच्छ ऐकू येतो असं काहीतरी लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम भरून आला तर टिप लहान आहे. एक माप मोठी लावा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. मग हलगी-घुमकं-कैताळ लावून बघा. हलगीचा कडकडाट ऐकताना डोळे बारीक होत असतील, तर त्या यंत्राचे वरचे सूर जास्त चढवलेले आहेत. तासभर ऐकल्यावर डोकं धरेल. ते परत ठेवा, ब्रँड कुठलाही असो.

चष्मा असणाऱ्यांना फटीची हीच अडचण हेडफोनमध्ये येते. दांडी गादीखाली येते, फट पडते, बास जातो, आणि अर्ध्या तासात कानामागे दुखायला लागतं. एप्रिल-मेमध्ये कानावरची बंद गादी घामाने भिजते. नकली चामड्याची गादी आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत सोलायला लागते. म्हणून हेडफोन घेताना त्याची गादी सुटी विकत मिळते का, हे आधी विचारावं.

गैरसमज : खरं संगीत हेडफोनवरच, आयईएम ही नवी टूम

आयईएम तितका नवा नाही. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने नळीत बसणारा ईआर-४ हा इअरफोन १९९१ मध्ये आणला. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने ड्रमवादक अॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी कानाच्या मापाचा आयईएम बनवला. रंगमंचावरच्या गोंगाटात स्वतःचं वादन कमी आवाजात नीट ऐकू यावं, एवढाच हेतू. आज दोन हजार रुपयांच्या आतही नेटका आवाज देणारे वायरचे आयईएम मिळतात. त्याच पैशात तितका चांगला कानावरचा हेडफोन मिळणं अवघड आहे, हे माझं स्पष्ट मत.

हेडफोनची खरी ताकद दुसरीकडे आहे : ओपन-बॅक प्रकारात. सेनहायझरच्या १९६८ च्या एचडी ४१४ पासून हा प्रकार लोकप्रिय झाला. मागची बाजू उघडी असल्याने आवाज डोक्यात कोंडत नाही, कानाच्या पाळीवरून येतो, वाद्यं जरा लांब आणि सुटी वाटतात. शांत खोलीत बसून मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकायचं तर याला तोड नाही. पण त्यातून आवाज बाहेरही तेवढाच जातो. शेजारी मूल अभ्यास करत असेल किंवा हॉलमध्ये टीव्ही चालू असेल, तर दोघांनाही त्रास.

आपण ऐकतो काय, हेही बघा. शाहू महाराजांच्या दरबारी गायक अल्लादियाखाँ कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौली घराणं इथे रुजलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. केसरबाईंच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत आवाज एकाच वाहिनीचा, आणि सहा-सात हजार हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नाही. त्यामुळे अशा ध्वनिमुद्रणांसाठी 'हाय-रेझ' छाप आणि ४०,००० हर्ट्झचा दावा यांना पैसे मोजण्यात अर्थ नाही. माणसाला तसंही २०,००० च्या वर ऐकू येत नाही. वरचे सूर मऊ असलेलं यंत्र घ्या, आत घालायचं असो की वर. कोल्हापुरातच जन्मलेल्या बाबूजींचं, सुधीर फडक्यांचं गीतरामायण ऐकायचं असेल, तर बास फुगवलेले हेडफोन नकोतच. त्यात शब्दांची धार बोथट होते, आणि गदिमांचे शब्दच ऐकू आले नाहीत तर काय ऐकलं?

गैरसमज : नॉईज कॅन्सलिंग म्हणजे सगळं चिडीचूप

१९७८ मध्ये विमानप्रवासात हेडफोनमधून गाण्यापेक्षा इंजिनच जास्त ऐकू येतं म्हणून अमर बोस यांनी नॉईज कॅन्सलिंगवर, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक तंत्राने पुसण्यावर, काम सुरू केलं. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. हे तंत्र मुळात इंजिनासाठी जन्मलं आणि आजही तिथेच उत्तम चालतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधली रात्रभराची घरघर, पंखा, एसी, अशा एकसुरी खालच्या आवाजावर ते जादू करतं. अचानक वाजलेला हॉर्न, रडणारं मूल, शेजाऱ्याच्या फोनवरच्या गप्पा यांवर मात्र साध्या रबरी टिपचाच आधार असतो.

आता काही समज झटपट. ड्रायव्हर जास्त म्हणजे आवाज चांगला, असं नाही. एका ड्रायव्हरचा नीट जुळवलेला आयईएम सहा ड्रायव्हरच्या बेसूर यंत्रापेक्षा बरा. मोठ्या हेडफोनला अॅम्प्लिफायर लागतोच असं नाही. ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन फोनवर चालतात, ३०० ओहमचे अडतात. ब्लूटूथच्या लहरींची शक्ती मोबाईलच्या तुलनेत फारच कमी असते, त्याची भीती नको. वायरलेस बड्सची खरी उणीव बॅटरी ही आहे. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि बहुतेक बड्समध्ये बदलता येत नाही. वायरच्या आयईएमची वायर तुटली तर नवी लावता येते, अर्थात ती सुटी होणारी असेल तर. फोनला गोल जॅक नसेल तर टाईप-सीचा छोटा डोंगल पुरतो.

दुचाकी चालवताना हेल्मेटखाली आयईएम घालणाऱ्यांना हात जोडून विनंती : घालू नका. जे यंत्र बसची घरघर अडवतं, ते मागच्या ट्रकचा हॉर्नही अडवतं.

माझा सल्ला असा. ऐकणं निम्म्याहून जास्त घराबाहेर होत असेल, किंवा घरातच गजबज असेल, तर आधी वायरचे आयईएम घ्या. खोली शांत आहे, बैठक लांबलचक आहे, कानाची जुनी तक्रार आहे, तर कानावरचे हेडफोन, आणि चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात वीस मिनिटं घालून बघा. दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी घरी आल्याबरोबर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची कमाल मर्यादा लावा. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती सोय असते. आणि आयईएम घेत असाल, तर पेटीत निदान तीन मापांच्या टिपा आहेत का, हे बिल करण्याआधी पेटी उघडून बघा.