फॉर्मॅट मारण्यापूर्वी

घरातला संगणक आजारी पडला की बहुतेक दुकानांत एकच औषध मिळते. "फॉर्मॅट मारावा लागेल." विंडोज नव्याने टाकली जाते, संध्याकाळपर्यंत संगणक घरी येतो आणि नव्यासारखा पळू लागतो. फक्त आत काहीच उरलेले नसते. मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, हजच्या अर्जासाठी स्कॅन केलेले पासपोर्ट, भावाच्या निकाहचे फोटो, सगळे साफ. दुकानदार म्हणतो, "आधी सांगायचे होते, बॅकअप घेतला असता." तोही अगदीच खोटे बोलत नाही. पण फॉर्मॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. मधल्या वाटेत बरेच काही करता येते, आणि ते काय, हे आम्ही एका जाणकाराच्या शेजारी बसून पाहिले.

व्हायरस ही आजची गोष्ट नाही. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम धाटणीच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या सॉफ्टवेअरची कोणी चोरून नक्कल करू नये म्हणून तो बनवला. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो देशोदेशी पोहोचला. आजचे मालवेअर लिहिणारे इतके भोळे नाहीत. त्यांना आपले पासवर्ड हवे असतात, बँकेचे व्यवहार हवे असतात, नाहीतर थेट खंडणी.

आमच्या घरी आलेला पाहुणा मात्र जुन्या घराण्यातला होता. शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून आणण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात गेलेला पेन ड्राइव्ह परत आला, संगणकाला लागला आणि दोन दिवसांत जो पेन ड्राइव्ह लावावा त्यातील प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसू लागला. त्यातलाच एक अब्बांचा. अब्बा हयात असताना कॅसेटवर भरलेला त्यांचा आवाज, नातवंडांना सांगितलेल्या कोकणातल्या गोष्टी, हे सारे कॅसेटवरून उतरवून त्यात ठेवलेले होते. कॅसेट केव्हाच बुरशीने खराब झाल्या होत्या. पेन ड्राइव्ह उघडला तर आत फक्त एक-दोन केबींचे शॉर्टकट. अम्मी काही बोलल्या नाहीत, फक्त दर तासाने येऊन विचारत, "निघाले का?"

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणक सुरक्षेचे काम करतो. सुट्टीला गावी आला होता. फोनवर त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे, "सर, आता कशालाच हात लावू नका. आणि नेटची वायर काढून ठेवा." नेट तोडल्याने आतला कार्यक्रम बाहेरच्या मालकाशी बोलू शकत नाही, हे त्याने नंतर समजावले.

घरी आल्यावर त्याने लगेच यंत्राला हात घातला नाही. हकिमाने नाडी धरण्याआधी विचारावे तसे विचारत बसला. कधीपासून? त्याआधी कोणता पेन ड्राइव्ह लावला? काही नवे टाकले का? मग त्याने स्वतःजवळचा लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू केला. हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे विंडोजमध्ये राहणारा व्हायरस झोपलेलाच राहतो. वर लिनक्स हे विंडोजने 'लपवलेले' म्हणून ठरवलेल्या फायलींना जुमानत नाही. अब्बांचा पेन ड्राइव्ह लावताच सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले. काहीही पुसले गेले नव्हते. या जातीचा व्हायरस फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण त्यावर दाबले की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, मग आपला फोल्डर उघडतो, म्हणून संशयही लवकर येत नाही.

ध्वनिफिती, फोटो आणि कागदपत्रे तेवढी त्याने नव्या हार्ड डिस्कवर उतरवली. शॉर्टकट, स्क्रिप्ट आणि चालणारे प्रोग्राम मुद्दाम मागे ठेवले. उतरवण्यातच बराचसा वेळ गेला. त्यानंतर विंडोज सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये चालू असलेली स्क्रिप्ट थांबवली, संगणक सुरू होताच तिला उठवणारी नोंद काढली आणि मग विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी लावली. ही तपासणी विंडोज पूर्ण जागी होण्याआधी चालते, साधारण पंधरा मिनिटे लागतात आणि तिला पैसे पडत नाहीत. लपलेले फोल्डर पुन्हा दिसावेत म्हणून 'अॅट्रिब' नावाची एका ओळीची आज्ञा पुरली. शेवटी दुसऱ्या कंपनीच्या साधनाने एकदा खात्री. मात्र सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांनाच अडवत बसतात आणि संगणक रांगू लागतो.

जाता जाता त्याने ब्राउझर उघडला. तिथे कोणी न मागितलेली तीन एक्स्टेन्शन्स बसलेली होती आणि दोन संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली होती. "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला" अशा ज्या पाट्या कोपऱ्यातून उगवतात, त्यांतील कित्येक या परवानगीतूनच येतात. परवानगी काढली की पाट्या बंद. पडदाभर लाल इशारा आणि खाली फोन नंबर दिसला, तर तो नंबर कधीही लावू नये. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही. पलीकडचा गोड बोलणारा माणूस एक ॲप टाकायला सांगतो आणि आपला पडदा त्याच्या हाती जातो. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर तक्रार करावी. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच रोखली जाण्याची आशा जास्त.

उर्दू शाळांतल्या आमच्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट. उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती हातोहात फिरतात. त्यांच्यासोबतचा 'ॲक्टिव्हेटर' पहिली सूचना बहुधा हीच देतो, की अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे घरात शिरण्याआधी वॉचमनला सुट्टी द्या! २०१६ साली कॅस्परस्की कंपनीने दाखवून दिले होते, की इनपेजच्या फायलीतूनही हल्ला करता येतो आणि तसा तो आशियातील वित्तसंस्थांवर झालाही होता. विंडोजचा उर्दू कीबोर्ड आणि 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मोफत फॉन्ट एवढ्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका आरामात निघतात.

घरी येणारा जाणकार सगळ्यांनाच मिळतो असे नाही. संगणक दुकानात द्यायला आपल्याकडे कित्येक घरांत मन धजत नाही, कारण आत मुलीबाळींचे फोटो असतात. हा संकोच आम्हाला रास्त वाटतो. त्यावर उपाय आहे. स्वतःची हार्ड डिस्क घेऊन जावे, शेजारी बसून आधी आपला सगळा ऐवज तिच्यावर उतरवून घ्यावा, दुकानाच्या डिस्कवर काही ठेवू देऊ नये. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याकडे संगणक ठेवू नये.

फॉर्मॅट खरोखर करावाच लागतो असेही प्रसंग आहेत. तपासणीनंतरही तोच पाहुणा परत येत असेल किंवा दुसऱ्या कोणी दुरून संगणक चालवल्याची खूण दिसली, तर सफाईवर विसंबू नये. ऐवज काढून घ्यावा आणि विंडोज नव्याने टाकावी. खंडणीवाल्या मालवेअरने फायली कुलूपबंद केल्या असतील तर प्रकरण आणखी अवघड. मे २०१७ मधल्या 'वॉनाक्राय'ने जगभरातली रुग्णालये आणि कार्यालये अशीच अडवली होती, आणि त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. पैसे भरूनही किल्ली मिळेल याची हमी नसते. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ पासून चालणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पात कित्येक जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते, म्हणून कुलूपबंद फायली फेकू नयेत.

आमच्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी सगळे पासवर्ड बदलायला लावले, आणि तेही संगणकावरून नव्हे, फोनवरून. तोवर इशाची अजान झाली होती. अब्बांचे फोल्डर आता दोन ठिकाणी आहेत. एक प्रत संगणकात आणि दुसरी कपाटातल्या त्या हार्ड डिस्कवर, जी एरवी कशालाच जोडलेली नसते. एक ध्वनिफीत मात्र उघडत नाही. ती कॅसेटवरून उतरवतानाच अर्धी राहिली होती.