कुंभारीण माशी आणि ‘एलियन’

रिडली स्कॉटचा ‘एलियन’ १९७९ सालचा. आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. आता त्यातल्या कॉम्प्युटरवरची हिरवी अक्षरं बघून हसू येतं. तरी जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला की हॉस्टेलची खोली गप्प होते. का, याचं माझं उत्तर आमच्या जोयड्यात घराच्या भिंतीवर मिळतं.

आधी गोष्ट. ‘नोस्ट्रोमो’ नावाचं मालवाहू यान, त्यात सात माणसं. एका निर्जन जगात केन नावाच्या माणसाच्या तोंडाला एक प्राणी चिकटतो, मग आपोआप गळून पडतो. केन शुद्धीवर येतो, सगळ्यांबरोबर भूक लागल्यासारखा जेवतो. आणि त्याची छाती फोडून काहीतरी बाहेर येतं.

आता कुंभारीण माशी बघा. वाशाला, खिडकीच्या चौकटीला, मिळेल तिथे ती मातीचं घरटं करते. कोळी किंवा अळी पकडून आणते, पण मारत नाही; डंख मारून लुळी पाडते. मेली तर सडेल ना! मग आत अंडं घालून तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेला जीव ते भक्ष्य जिवंतपणीच खातो, आणि पुढे माती फोडून नवी माशी उडून जाते.

जुन्या लोकांना एवढंच दिसलं, की आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. त्यावरून कीटकभृंग न्याय आला: अळी ध्यास घेऊन भृंगच होते, तसा भक्त देवरूप होतो. संतसाहित्यात हा दृष्टान्त पुन्हा पुन्हा भेटतो. सुंदरच आहे, पण त्यात अळीला कुणी विचारलेलं नाही. ‘एलियन’ तीच गोष्ट अळीच्या बाजूने सांगतो. भुतं-राक्षस काळाप्रमाणे बदलतात. आपलं शरीर दुसऱ्याच्या पिल्लाचं कोठार व्हावं ही भीती जुनी होत नाही. वर इथे बाळंतपण येतं ते पुरुषाच्या वाट्याला! एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने घडवलेला तो प्राणी स्कॉट पुरता दाखवतही नाही. कधी लांबट डोकं, कधी नुसती शेपूट.

मला मात्र प्राण्यापेक्षा कंपनी जास्त भयंकर वाटते. यानातले पार्कर आणि ब्रेट सुरुवातीपासून बोनससाठी कुरकुरतात, अगदी आपल्यातल्याच कामगारांसारखे. पुढे रिप्ली (सिगोर्नी वीव्हर) कंपनीचा गुप्त आदेश वाचते: प्राणी घेऊन या, माणसं गेली तरी चालतील. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या तालुक्यात, वरून आलेला आदेश म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

यानाचं नाव जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून घेतलंय. तिथला नोस्ट्रोमो हा बंदरावरच्या हमालांचा मुकादम. बडे लोक त्याच्यावर भरवसा टाकतात आणि त्याला वापरून घेतात. इटालियनमध्ये त्या नावातून ‘आपला माणूस’ असाही अर्थ निघतो.