कवायतीमागची माणसे

मुलगा राष्ट्रीय छात्रसेनेत गेला, की घरात दोन बदल लगेच दिसतात. आरशापुढचा त्याचा वेळ वाढतो आणि बूटपॉलिशची डबी भराभर संपू लागते. तिसरा बदल आईबापांत व्हायचा असतो. पण त्याला शाळेतून बोलावणे यावे लागते.

आम्हाला ते आले. नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागलात, की मालमोटारींच्या रांगा आणि मोठमोठी गोदामे दिसतात. तीच आमची वाडी. इथल्या एका शाळेच्या छात्रपथकासाठी पालकांची साहाय्यक समिती निघाली आणि तीत मलाही ओढले गेले. घरी सांगितले तर 'हे' म्हणाले, "म्हणजे आता पोळ्यासुद्धा डावा-उजवाच्या तालावर लाटल्या जाणार!"

छात्रसेना काही आजची नव्हे. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९४९ मध्ये मुलींचाही विभाग निघाला. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयांत ती सक्तीची झाली. १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. कवायत शिकवायला सैन्यातली माणसे येतात, आणि शाळेतलेच शिक्षक पथकाचे अधिकारी होतात. अशा शिक्षकांना तयार करणारी एक अकादमी आमच्या जवळच, कामठीला आहे.

मग पालकांच्या समितीला काम ते काय उरले? मलाही आधी वाटले, झेंडावंदनाला पाहुण्यांना हार घालायचे आणि चहा पाजायचा. खरे काम निघाले ते निराळेच. पहाटे उपाशी आलेल्या पोरांसाठी पोह्यांची कढई चढवणे, कुणाचा बूट पायाला लहान झाला ते पाहणे, मुली अंधारात एकट्या घरी जाणार नाहीत याची व्यवस्था लावणे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, गळणाऱ्या मुलांना गळू न देणे.

शाळेतल्या छात्रांना 'ए' प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि एक वार्षिक शिबिरही करावे लागते. शिबिर चुकले, की दोन वर्षांची मेहनत वाया! आमच्या पथकातली एक मुलगी कवायतीत पहिल्या रांगेतली. पण शिबिराच्या यादीत तिचे नाव नव्हते. वडील गोदामात हमाली करणारे, आई धुण्याभांड्याला जाणारी.

मी त्यांच्या घरी गेले. वडील म्हणाले, "बाई, पोरीची जात. दहा रात्री बाहेर ठेवू? लोक काय म्हणतील?" दुसऱ्या खेपेला मी पथकाच्या शिक्षिकाबाईंना बरोबर नेले. मुलींची राहण्याची सोय कशी असते, सोबत कोण असते, हे सारे त्यांनी नीट सांगितले. वडिलांनी मान डोलावली, पण होकार काही दिला नाही. निघताना तिची आई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे. दुपारी शाळेतून आली की तीच त्याला पाहते. ती गेली तर आम्ही दोघं कामावर कसं जाणार?"

म्हणजे अडचण लोकांची नव्हती, भावाची होती! समितीच्या चार घरांनी दिवस वाटून घेतले आणि तो चिमुरडा आळीपाळीने आमच्याकडे राहिला. आमच्या वाट्याच्या तीन दिवसांत त्याने 'ह्यां'ना अंगणात सावधान उभे राहायला लावले. पोळ्यांची थट्टा त्यानंतर बंद झाली! ताई शिबिर करून आली, पुढे परीक्षेलाही बसली.

वाचकहो, आपल्या मुलांच्या शाळेतही असे पथक असेल. त्याला देणगी द्याल तर चांगलेच. पण एखादी दुपार दिलीत तर अधिक चांगले. यादीतून नाव गळालेल्या मुलाच्या घरी एकदा जाऊन या. पहिल्या भेटीत सांगितलेले कारण ऐकून परत फिरू नका. खरे कारण बहुधा दारापर्यंत पोचवायला आलेली आई सांगते.