भाड्याचे घर, मालकीचे घर आणि ऋणाची मर्यादा

बेंबळीच्या गावठाणात वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबास भाडे की मालकी हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याच कुटुंबातील मुलगा नोकरीनिमित्त धाराशिव, लातूर किंवा पुणे येथे गेला म्हणजे मात्र तो उभा राहतो. ‘भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा’ हे वचन अशा वेळी हमखास ऐकू येते. या वचनात कितपत तथ्य आहे, हे प्रस्तुत टिपणात तपासून पाहावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. घराची किंमत २५ लाख रुपये. त्यांपैकी ५ लाख पदरचे व २० लाख कर्जाऊ. व्याजाचा दर द. सा. द. शे. ९ व मुदत २० वर्षे असे मानल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. पाच वर्षांत सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरूनही मुद्दल केवळ सव्वादोन लाखांच्या आसपास फिटते. तेच घर मासिक ७,००० रुपये भाड्याने मिळत असेल, तर प्रारंभीच्या काळात भाडेकरूपेक्षा ऋणकोचाच पैसा अधिक ‘वाया’ जातो. कारण भाडे हे जसे घराच्या वापराचे मोल, तसे व्याज हे पैशाच्या वापराचे मोल होय. अर्थात भाडे कालांतराने वाढते, हप्ता मात्र दर स्थिर असेतोवर वाढत नाही, आणि अखेरीस घर हाती उरते. म्हणून दीर्घ वास्तव्य निश्चित असेल तेथे मालकी, व बदली संभवत असेल तेथे भाडे, असा विवेक करणे इष्ट.

भाडेकरूची स्थिती पूर्वीइतकी अनिश्चितही नाही. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा दीर्घकाळ लागू होता. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे.

खरा धोका निराळाच आहे. पदरची रक्कम उभी करण्यासाठी गावाकडील जमीन खाजगी सावकाराकडे गुंतविली जाते. व्यवहार कर्जाचा, परंतु दस्त खरेदीखताचा. ‘पैसे फेडताच जमीन परत’ ही बोली केवळ तोंडी. शहरातील घराचा हप्ता आणि सावकाराचे व्याज ही दोन्ही एकाच पगारावर पडली, की पगार थांबताच राहते घर व पिकते रान दोन्ही संकटात येतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये अशी बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. तथापि तोंडी बोली सिद्ध करणे दुष्कर असते. दामदुपटाच्या जुन्या नियमाचाही येथे भरवसा धरता येत नाही. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, एवढेच तो सांगतो. वेळोवेळी चुकत्या केलेल्या व्याजाच्या एकूण बेरजेस तो मर्यादा घालीत नाही.

यात अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. गावठाणातील घरास पूर्वी बहुधा ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीचा उतारा तेवढा असे, आणि तो मालकीचा पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्यात येते. यामुळे गावचे घर तारण ठेवून अधिकृत बँकेकडून कर्ज मिळण्याचा मार्ग सुकर होतो; पण जे घर आजवर तारणाबाहेर राहिल्यामुळे सुरक्षित होते, तेही आता ऋणाच्या कक्षेत येते, हे विसरता कामा नये.

सारांश, घर भाड्याचे की मालकीचे, हा प्रश्न दुय्यम होय. हप्ता नियमित उत्पन्नातून फिटतो काय, आणि उत्पन्न थांबल्यास ज्यावर कुटुंब तगावयाचे ते रान तारणाबाहेर राहते काय, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. दोहोंची उत्तरे होकारार्थी असतील तरच कर्ज काढणे शहाणपणाचे ठरेल.