ओढा कोरडा आहे, हे नकाशाला कोण सांगतं?

पाथर्डीहून मढीकडे किंवा मोहटादेवीकडे निघालं, की गर्भगिरीच्या उतारांवर वस्त्या दिसू लागतात. चार-पाच घरं, बाजूला विहीर, आणि वस्तीला आडनावावरून पडलेलं नाव. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला इथलं प्रत्येक छप्पर दिसतं. नाव मात्र दिसत नाही. ते वस्तीवरच्या माणसालाच ठाऊक असतं.

ते नाव जगाच्या नकाशावर चढवण्याची सोय ‘ओपनस्ट्रीटमॅप’ने केली. इंग्लंडमध्ये सरकारी नकाशांची माहिती महाग होती, परवान्यांत अडकलेली होती. म्हणून 2004 मध्ये स्टीव्ह कोस्टने लोकांनीच काढायचा, सर्वांना मोकळा असा नकाशा सुरू केला. त्याची रचना पाहिली की मी थक्क होते. मुळाशी आहे फक्त ठिपका: एक अक्षांश, एक रेखांश, दशांशानंतर सात अंक. सातवा अंक म्हणजे जमिनीवर जेमतेम एक सेंटिमीटर! ठिपके जोडले की पाणंद होते, रेघ फिरून पहिल्या ठिपक्याला मिळाली की शेततळं. मग त्यावर चिठ्ठी लावायची: हे काय आहे, मराठीत याला काय म्हणतात.

ओढ्यासाठी तर वेगळी चिठ्ठी आहे, ‘पाणी कायम नसतं’ अशी. ती लावली की निळी रेघ तुटक होते. भर पावसाळ्यातल्या छायाचित्रात हाच ओढा दुथडी वाहताना दिसेल. उन्हाळ्यात त्याच्या पात्रातून चालत गेलेला माणूसच त्याची रेघ तुटक करू शकतो.

दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना छेदतात, पण छेदाच्या जागी सामाईक ठिपका नसेल, तर वाट शोधणाऱ्या संगणकाच्या लेखी तिथं वळताच येत नाही. एका ठिपक्याअभावी गाडीला लांबचा वळसा पडतो. जानेवारी 2010 मध्ये हैती भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथल्या राजधानीचे, पोर्तोप्रिन्सचे, रस्ते असेच ठिपक्याला ठिपका जोडून काढले आणि मदतपथकं त्या नकाशावर विसंबून फिरली.

पाथर्डीतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्या महिन्यांत आकाशातून वस्तीची छपरं तशीच दिसतात, दाराचं कुलूप दिसत नाही. परतल्यावर त्यांच्यातलंच कुणी ओट्यावर बसून मोबाइलमध्ये विहिरीपाशी ठिपका ठेवेल, आणि वस्तीचं नाव आजी म्हणते तस्संच, देवनागरीत लिहील.