आंबेमोहर, घनसाळ, इंद्रायणी: सुवासिक भाताचा डीएनए कशासाठी तपासतात?

मावळ-मुळशीचा आंबेमोहर शिजायला लागला की आंब्याच्या मोहरासारखा वास घरभर पसरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या घनसाळचाही स्वतःचा सुवास आहे. दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय. पण आंबेमोहरचं ताट उंच वाढतं, पावसा-वाऱ्यात लोळतं आणि उतारा कमी देतं. मग शेतकरी तो लावणार कसा?

यावरचा उपाय म्हणजे संकर. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि बुटका, भरघोस पिकणारा आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिला.

वास येतो कुठून?

हा वास मुख्यतः '२-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन' या रसायनाचा. 'बीएडीएच २' हे जनुक चालू असेल, तर हे रसायन दाण्यात साठत नाही. बासमतीसह अनेक सुवासिक वाणांत या जनुकातली ८ अक्षरं गळालेली असतात. जनुक बंद पडतं आणि भाताला वास येतो.

सुवासिक आणि बिनवासाच्या वाणाचा संकर केला, तर पहिल्या पिढीत हा गुण दबून राहतो. दुसऱ्या पिढीत साधारण चारांतलं एक रोप सुवासिक निघतं. डीएनए चाचणीने ते रोपावस्थेतच ओळखता येतं.

मग विविधता कशासाठी मोजायची?

वासाचं जनुक सारखं असलं, तरी उंची, पिकायला लागणारे दिवस, रोगांना तोंड देण्याची ताकद ठरवणारी जनुकं वेगळी असतात. नावावर विसंबता येत नाही. एकाच नावाखाली दोन गावांत वेगवेगळं बियाणं असू शकतं.

म्हणून डीएनएमधल्या ठरावीक जागा तपासतात. तिथे दोन-तीन अक्षरांचा तुकडा एका वाणात १० वेळा, तर दुसऱ्यात १५ वेळा येतो. असे फरक अनेक जागी मोजले, की कोणते वाण जवळचे आणि कोणते दूरचे ते कळतं. अगदी जवळच्या वाणांच्या संकरातून नवं फारसं हाती लागत नाही.

यात पणाला काय लागलंय?

सगळीकडे एक-दोनच वाण लावले गेले, तर उद्याच्या रोगाशी लढणारं जनुक जुन्या वाणासोबतच नाहीसं होऊ शकतं. चाचणी फक्त फरक दाखवते, वाण जपत नाही. त्यासाठी बियाणं बीजपेढीत ठेवावं लागतं आणि शेतात पेरतही राहावं लागतं. जुन्या आंबेमोहरला रास्त भाव देणारं गिऱ्हाईक असेल, तरच शेतकरी तो पेरेल.