‘पाय गेले’ : शब्दप्रयोग एक, विकार अनेक

सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीत घरचा कुत्रा एकाएकी उठेनासा झाला, तर ‘त्याचे पाय गेले’ एवढेच म्हटले जाते. या शब्दप्रयोगात भिन्न विकार एकत्र येतात. त्यांची फोड करणे हेच निदानाचे पहिले कार्य होय.

सांध्यांच्या दाहात शक्ती शाबूत असते, वेदना चालू देत नाही. सांधे सुजतात, पावले आखूड पडतात, बहुधा ज्वरही असतो. मज्जारज्जूच्या दाहात मात्र उलटा टेकविलेला पंजा तत्काळ सरळ करण्याचे भान हरपते. पहिल्यात सांध्यातील द्रव, दुसऱ्यात मेरुद्रव तपासावा लागतो. कित्येकदा दोन्ही दाह एकत्र आढळतात. गोचिडीच्या दंशातून शिरणारा, १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिलेला ‘एर्लिकिया कॅनिस’ हा जंतू दोहोंस कारण होऊ शकतो. म्हणून रक्तपरीक्षेपूर्वीच स्टेरॉइड देणे घातक ठरण्याचा संभव असतो.

तथापि लस न टोचलेल्या कुत्र्याच्या बाबतीत या साऱ्याआधी रेबीजची शंका घ्यावयास हवी. त्याच्या मूक प्रकारातही पायच जातात. घशात काही अडकले असावे या समजुतीने तोंडात हात घातला जातो, आणि शब्दाची संदिग्धता माणसाच्या जिवावर बेतते.